दोन पाटे जास्त

मंडळी, आज जरा चिडून लिहितोय, त्यामुळे कुठे तोल गेला तर सांभाळून घ्या. विषय आहे पिकअपच्या मागच्या पाट्यांचा. 'हा काय विषय झाला?' असं वाटत असेल तर तुमच्यापैकी निम्म्यांनी गेल्या दोन-तीन वर्षांत फ्लॅट बदललाय, याची आठवण करून देतो. त्या फ्लॅटचा संबंध पुढे येईलच.

आधी माझी ओळख. गाव जालना जिल्ह्यात, अंबड तालुक्यात. डिग्री मेकॅनिकलची. नोकरी अर्थातच हिंजवडीत, जावा लिहिण्याची. स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सला मला चांगले मार्क होते, आणि त्याचा आयुष्यात मी आजवर एकदाच उपयोग केला. तोही उशिरा. त्याचीच ही गोष्ट.

२०२३ ला पावसाने मराठवाड्याला दगा दिला आणि २०२४ च्या उन्हाळ्यात आमच्याकडे पुन्हा टँकर सुरू झाले. आमच्या काकांची मोसंबीची बाग आहे. मोसंबी म्हणजे आमच्या भागाचा जीव. बदनापूरला तर मोसंबी संशोधन केंद्रच आहे. पण या झाडाची गंमत अशी, की ते लावल्यावर चार-पाच वर्षांनी फळ देतं आणि एका वाईट उन्हाळ्यात वाळून जातं. २०१२-१३ च्या दुष्काळात जिल्ह्यात बागाच्या बागा गेल्या. लोकांनी स्वतःच्या हाताने झाडं तोडून सरपण केलं. काकांची निम्मी बाग तेव्हा गेली, आणि जी निम्मी वाचली ती टँकरच्या पाण्यावर. त्यामुळे २०२४ च्या मार्चमध्ये विहीर आटल्यावर घरात एकच विचार होता, यावेळी बाग जाऊ द्यायची नाही.

माझ्या चुलतभावाकडे, म्हणजे दादाकडे, सेकंडहँड पिकअप आहे. एरवी ती मोसंबी घेऊन जालन्याच्या मार्केटला जाते. त्या पिकअपवर दोन हजार लिटरची काळी टाकी बसवायची आणि बारा किलोमीटरवरच्या पाहुण्यांच्या विहिरीवरून पाणी आणायचं, असं ठरलं. अडचण एकच होती. टाकी भरली की गाडी मागून इतकी बसायची की टायर मडगार्डला घासायचे.

दादाचा फोन आला. "फिटर म्हनला, दोन-दोन पाटे वाढवू. मग तीन टन बी उचलती. साडेआठ हजार खर्च हाय."

मी विचारलं, "काही होणार नाही ना?"

"आरं काई होत नसतं. समदेच टाकतेत."

मी पैसे पाठवले. फोन ठेवायच्या आत. वर फॅमिली ग्रुपवर फोटो आल्यावर 'एक नंबर जुगाड!' असंही टाकलं. मेकॅनिकल इंजिनीअर, फर्स्ट क्लास विथ डिस्टिंक्शन.

त्याच ग्रुपवर माझा मावसभाऊ आहे, मिनेसोटात. त्या राज्याच्या नंबरप्लेटवरच 'दहा हजार तळी' असं लिहिलेलं असतं. साहेबांनी उन्हाळ्यात तळ्यात फिरवायला बोट घेतली आहे आणि ती पिकअपच्या मागे ट्रेलरला लावून ओढतात. (आमच्याकडे प्यायला पाणी नाही आणि याची बोट, यावर ग्रुपवर जे काय झालं ते इथे लिहीत नाही.) दादाच्या पाट्यांचा फोटो बघून त्याने लिहिलं, की मीही बोटीसाठी मागच्या पाट्यांना जोड म्हणून एअरबॅगा बसवल्या, कारण ट्रेलरच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार गाडीच्या हुकवर येतो आणि मागचा भाग बसतो. आणि पुढे एक ओळ होती: 'पण खोक्यातल्या कागदावर स्पष्ट छापलंय की याने गाडीची वजन उचलायची मर्यादा वाढत नाही.'

ती ओळ मी वाचली आणि अंगठा दाखवून पुढे सरकलो.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात, दुपारी चारच्या सुमारास, भरलेली टाकी घेऊन दादा परत येत होता. वेग पन्नासच्या आसपास. शाळकरी पोरगी सायकलवरून आडव्या रस्त्याने पुढ्यात आली. दादाने ब्रेक मारला. गाडी थांबली नाही. म्हणजे हळू झाली, पण थांबली नाही. टाकीतलं पाणी पुढे आलं आणि मागून कुणीतरी ढकलावं तशी गाडी पुढे गेली. पोरगी सायकल टाकून उडी मारून बाजूला झाली म्हणून वाचली. दादाने स्टिअरिंग ओढलं, गाडी खाली शेतात उतरली आणि आडवी झाली. दादाचं कॉलरबोन मोडलं. नंतर बघितलं तर चाकांचे व्रण सायकल पडली होती त्या जागेच्याही पंधरा फूट पुढे गेले होते.

ते पंधरा फूट माझ्या डोक्यातून जात नाहीत. शनिवारी गावी गेलो, आरसी बुक मागितलं आणि एका जुन्या वहीच्या मागच्या पानावर गणित मांडलं. हे गणित पैसे पाठवण्याआधी करायला मला दहा मिनिटं लागली असती.

गाडीचं रिकामं वजन १,६९५ किलो. भरून जास्तीत जास्त २,९९५ किलो. म्हणजे माल, माणसं, दोर, टप, सगळं धरून १,३०० किलो. आता पाणी. एक लिटर म्हणजे एक किलो, हे चौथीतल्या पोरालाही माहीत असतं. दोन हजार लिटर म्हणजे दोन टन. वर टाकीचं वजन, पाण्याची मोटर, पाइप, आणि पुढे दादा धरून तीन माणसं. साधारण २,३०० किलो झाले. म्हणजे तीन टनांची गाडी चार टन होऊन रस्त्यावर धावत होती. आणि ती चार टन आहे हे बाहेरून दिसत नव्हतं, कारण मागचा भाग आता बसत नव्हता. साडेआठ हजारांत आम्ही नेमकं हेच विकत घेतलं होतं.

इथे जरा पाट्यांचं तंत्र सांगतो. फार नाही, दोन परिच्छेद.

पाटा काय करतो? वजन आलं की वाकतो आणि उसळी घेतो. खड्ड्याचा धक्का गाडीच्या सांगाड्यापर्यंत जाऊ देत नाही. एका जुडग्यात पाच पाटे असतील आणि तुम्ही तशाच जाडीचे आणखी दोन घातलेत, तर ताठपणा ढोबळमानाने पाचाचा सात होतो, म्हणजे चाळीस टक्क्यांनी वाढतो. तेवढ्याच वजनाला गाडी आधीच्या सत्तर टक्केच बसते. इथपर्यंत फिटरचं बरोबर आहे. पण 'तीन टन उचलती' या वाक्यातली मेख अशी की उचलण्याचं काम एकटा पाटा करत नाही. पाट्याखाली ॲक्सल आहे, ॲक्सलच्या टोकाला बेअरिंग आहे, बेअरिंगवर चाक आहे, चाकावर टायर आहे. टायरच्या अंगावर तो किती भार घेऊ शकतो याचा आकडा छापलेला असतो. पाट्याच्या वर सांगाडा आहे, आणि पाट्याचं टोक जिथे शॅकलने त्याला जोडलेलं असतं तिथे सगळा ताण येतो. आणि या सगळ्याला थांबवायला ब्रेक आहेत. यातलं काहीही आपण वाढवलेलं नसतं. वाढवलेले असतात फक्त पाटे, कारण तेवढेच बसताना दिसतात.

आणि ब्रेकची गोष्ट तर याहून वाईट आहे. बऱ्याच पिकअपना मागच्या ब्रेकच्या लाइनमध्ये एक लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह असतो. सांगाडा आणि ॲक्सल यांच्यामध्ये एक छोटा दांडा असतो आणि त्यावरून व्हॉल्व्हला कळतं की गाडी मागून किती बसली आहे. गाडी रिकामी असेल तर मागची चाकं हलकी असतात. जोरात ब्रेक मारला तर ती जाम होऊन गाडीची शेपटी फिरू शकते. म्हणून रिकाम्या गाडीत हा व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला प्रेशर कमी सोडतो. गाडी भरली, मागून बसली, की दांडा हलतो आणि पूर्ण प्रेशर मिळतं. आता सांगा, दोन-दोन पाटे वाढवल्यावर काय होतं? गाडीत दोन टन पाणी आहे, पण ती पुरेशी बसलेली नाही. व्हॉल्व्हला वाटतं, गाडी हलकीच आहे. तो मागच्या ब्रेकला हात आखडून प्रेशर सोडतो. ज्या चाकांवर सगळं ओझं आहे त्यांनाच ब्रेक कमी. आमच्या गाडीला तो व्हॉल्व्ह होता. शाबूत होता. त्याने त्याचं काम चोख केलं. खोटी माहिती आम्ही दिली.

आमच्या धंद्यातलं उदाहरण देऊ का? सर्व्हरवर लोड आला, रात्री दोन वाजता अलर्ट यायला लागले. शहाणा माणूस लोड का आला ते शोधतो. दुसरा अलर्टची मर्यादा सत्तर टक्क्यांवरून पंचाण्णव करतो आणि शांत झोपतो. किंवा एरर येतेय म्हणून ट्राय-कॅच लावून कॅचमध्ये काहीच लिहीत नाही. असा कोड कुणी रिव्ह्यूला पाठवला तर आपण त्याची काय गत करतो ते तुम्हाला माहीत आहे. मागून बसणारी गाडी हा असाच अलर्ट आहे. ड्रायव्हरला काट्यावर न जाताही दिसणारी ती एकमेव खूण असते. पाटे वाढवून आपण तीच बंद करतो, आणि त्याला कौतुकाने जुगाड म्हणतो.

या शब्दाने आपल्या पिढीचं भलतंच नुकसान केलंय असं माझं मत झालं आहे. २०१२ मध्ये नवी राजू, जयदीप प्रभू आणि सिमोन आहुजा यांचं 'जुगाड इनोव्हेशन' नावाचं पुस्तक आलं, आणि त्यानंतर आपल्या एसी ऑफिसांमध्ये हा शब्द स्लाइडवर यायला लागला. कमी साधनांत डोकं चालवणं याला माझा विरोध नाही. आमच्या गावाचं आयुष्य त्यावरच चाललंय. पण ज्या गोष्टीने धोका कमी होत नाही, फक्त दिसेनासा होतो, तिला डोकं चालवणं म्हणत नाहीत. आणि त्याचं कौतुक करणारे आपण त्या रस्त्यावर नसतो.

आता हे बोललं की जी उत्तरं येतात ती गेल्या वर्षभरात मला पाठ झाली आहेत. एकेक घेतो.

पहिलं उत्तर: 'कंपनी मार्जिन ठेवूनच आकडा देते.' ठेवते. पण ते मार्जिन कुणासाठी ठेवलेलं असतं? खड्ड्यासाठी, झिजलेल्या लायनरसाठी, उतारासाठी, पुढ्यात आलेल्या सायकलीसाठी. ते तुम्ही सकाळी टाकी भरतानाच वापरून टाकलंत, तर दुपारी चार वाजता लागेल तेव्हा कुठून आणणार?

दुसरं: 'दहा वर्षं असंच चाललंय, काही झालं नाही.' एकोणिसाव्या शतकात ऑगस्ट व्योलर नावाच्या जर्मन रेल्वे इंजिनीअरने नेमका हाच प्रश्न हातात घेतला होता. रेल्वेचे ॲक्सल वर्षानुवर्षं नीट चालायचे आणि एक दिवस अचानक मोडायचे, तेही जे वजन ते रोज पेलत होते त्याच वजनाखाली. त्याने प्रयोग करून दाखवलं की पुन्हा पुन्हा येणारा ताण लोखंडात हिशोब ठेवत जातो. ताण थोडा वाढवला तर आयुष्य थोडं कमी होत नाही, फार कमी होतं. त्याला फटीग म्हणतात आणि थर्ड इयरला आपण त्याचे आलेख घोकले आहेत. स्टीलच्या भट्ट्या आणि सळईच्या रोलिंग मिलसाठी देशभर ओळखल्या जाणाऱ्या गावात हे सांगावं लागावं, याचं मला जास्त वाईट वाटतं.

तिसरं: 'सरकारनेच २०१८ ला मर्यादा वाढवली ना!' वाढवली, जुलै २०१८ मध्ये. पण ती अवजड ट्रकांची. एका ॲक्सलला चार टायर असतील तर १०.२ टनांवरून ११.५ टन, अशी. आपल्या पिकअपला मागे दोनच टायर आहेत आणि तिची मर्यादा म्हणजे कंपनीने दिलेला आणि आरसीवर लिहिलेला आकडा. दिल्लीत कागद निघाला म्हणून अंबडच्या रस्त्यावरच्या गाडीचे ब्रेक मोठे होत नाहीत.

चौथं: 'पोलिसाला शंभर-दोनशे दिले की सुटतो.' तो सुटतो, वजन सुटत नाही. पण कायद्याचंच बघायचं तर तेही बघू. मोटार वाहन कायद्यात २०१९ ला दुरुस्ती झाली. कलम १९४ प्रमाणे ओव्हरलोडला वीस हजार दंड, वरच्या प्रत्येक टनाला आणखी दोन हजार, आणि जास्तीचा माल उतरवल्याशिवाय गाडी हलवता येत नाही. कलम ५२ गाडीत मनमानी बदल करायला मनाई करतं, आणि १८२-अ प्रमाणे नियमात न बसणारा बदल मालकाने केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, किंवा दोन्ही. शिवाय अपघात झालाच तर विम्याचा दावा अडवायला आयतं कारण. तरीही दंडाच्या भीतीने कुणी थांबेल असं मला वाटत नाही. मला ती भीती दाखवायचीही नाही.

कारण पाचवं उत्तर खरं आहे. 'पोट आहे साहेब.'

हे उत्तर मी टाळणार नाही, कारण ते दादाचं आहे. हिशोब करू. बागेला रोज सहा हजार लिटर पाणी लागत होतं. दोन हजारांची टाकी म्हणजे तीन खेपा. नियमात राहून हजार-अकराशे लिटर नेलं तर सहा. म्हणजे रोज तीन खेपा जास्त. एका खेपेला जाऊन-येऊन चोवीस किलोमीटर, अंदाजे दोन लिटर डिझेल, म्हणजे एकशे ऐंशी रुपये. तीन खेपांचे पाचशे चाळीस. दोन महिन्यांचे बत्तीस हजार चारशे, आणि रोजचे चार तास वेगळे. आमच्या घरात ही रक्कम लहान नाही. हवामान, भाव आणि पाणी या तिन्हींनी ज्याला धरून मारलंय तो माणूस हे बत्तीस हजार वाचवायला बघणारच. मी त्याला दोष देत नाही.

मी दोष मला देतो. तो हिशोब मला मांडता येत होता. साडेआठ हजार पाठवण्याऐवजी डिझेलचे बत्तीस हजार मी पाठवू शकत होतो. दोन महिन्यांत मी तेवढे पुण्यात कशाकशावर उडवले ते सांगायला लाज वाटते. पण पाट्यांचे पैसे देणं सोपं होतं. 'गाडीला अपग्रेड केलं' असं वाटतं. एकदा दिले की विषय संपला.

आणि आता तुमच्या फ्लॅटकडे येतो. वाकडहून बाणेरला शिफ्ट होताना आपण छोटा हत्ती बोलावतो. या गाडीने २००५ मध्ये बाजारात आल्यावर देशातली मालवाहतूक बदलून टाकली, आणि ती बनलीच होती साधारण पाऊण टन मालासाठी. त्यात आपण फ्रिज, वॉशिंग मशीन, दोन लोखंडी कपाटं, बॉक्सचा पलंग, पुस्तकांची बारा खोकी आणि वर दोन हेल्पर चढवतो, आणि म्हणतो, "भैया, एकाच फेरीत बसवा ना, दुसऱ्या फेरीचे कशाला?" तो बसवतो. त्याला दुसरा पर्याय आपण ठेवलेला नसतो. त्यानेही पाटे वाढवलेले असतात, कारण आपल्यासारखी दहा गिऱ्हाइकं आठवड्याला भेटतात. भाडं खेपेवर ठरतं, वजनावर नाही. मग जास्तीचं सगळं वजन ड्रायव्हरच्या जिवावर जातं आणि वाचलेले हजार रुपये आपल्या खिशात येतात. आपण मग संध्याकाळी पिझ्झा मागवतो. दादाला बत्तीस हजारांची गरज तरी होती. आपल्याला कसली होती?

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. पाटे बदलायला माझी ना नाही. जुने पाटे थकले असतील, गाडी मर्यादेतल्या मालालाही बसत असेल, तर नवे घाला, कंपनीच्या मापाचे घाला. मिनेसोटातला भाऊ करतो तेही चूक नाही. बोट आणि ट्रेलर त्याच्या गाडीच्या ठरलेल्या मर्यादेत आहेत, आणि ते त्याने काट्यावर जाऊन बघितलंय. मर्यादेच्या आत गाडी नीट चालावी म्हणून सस्पेन्शन सुधारायचं असतं. मर्यादा ओलांडण्याचा परवाना म्हणून नाही. हा फरक त्याच्या खोक्यातल्या कागदावर विकणाऱ्यानेच छापला होता. आपल्याकडे तो फिटर सांगत नाही, गाडीमालक विचारत नाही आणि शिकलेला भाऊ फोनवरून पैसे पाठवतो.

करायचं काय, तेही सांगतो, नाहीतर म्हणाल नुसता ओरडतो.

मालगाडी असेल तर आरसीवरचे दोन आकडे वाचा आणि वजाबाकी करा. त्यातून माणसांचं वजन काढा. उरेल तेवढाच माल. एकदा तरी भरलेली गाडी काट्यावर घाला. जालन्यात मार्केट यार्डपासून एमआयडीसीपर्यंत काट्यांना तोटा नाही. पाणी वाहायचं असेल तर दोन हजारांची एक मोठी टाकी घेऊच नका, कारण मोठी टाकी अर्धी भरली की पाणी आत उसळतं आणि वळणावर गाडी ओढतं, आणि पूर्ण भरली की ओव्हरलोड. त्याऐवजी पाचशेच्या दोन टाक्या घ्या, काठोकाठ भरा, झाकणं घट्ट लावा, दोरांनी आवळून पुढच्या बाजूला बसवा. उसळायला जागाच राहत नाही आणि मोहात पडायलाही. आणि गावाकडे पाटे वाढवायचे पैसे मागणारा फोन आला तर दुसऱ्या खेपेच्या डिझेलचे पैसे पाठवा. शिफ्टिंग करताना स्वतःहून म्हणा, "दोन फेऱ्या करा, दोन्हीचे देतो." ड्रायव्हरचा चेहरा बघा.

दादाचं हाड जुळलं. गाडीला सत्तर हजार खर्च आला, तो यावेळी मी दिला, पण त्याचं मला काही कौतुक वाटत नाही. बाग वाचली. जूनमध्ये पाऊस आला. ती पोरगी आता दहावीला आहे. तिच्या वडिलांना भेटायला गेलो होतो तेव्हा त्यांनी चहा पाजला आणि गाडीबद्दल एक शब्द काढला नाही. मीही काढू शकलो नाही.

वाढवलेले पाटे आम्ही काढून टाकले. आता गाडी भरली की मागून थोडी बसते. दादा मागे उभा राहून बघतो, टायर आणि मडगार्डमध्ये चार बोटं जातात का ते. नाही गेली तर उतरवतो.

ता. क. काढलेले चार पाटे वाया गेले नाहीत. गावातल्या लोहाराने मागून नेले. पाट्याच्या लोखंडाची धार चांगली टिकते. त्यातून त्याने कोयते केले, आणि एक आमच्या काकूलाही दिला.